‘इतर’ची रेघ

ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, ‘का’ विचारायचं नाही.
‘का’ विचारलं की माणूस शहाणा होतो,
घरातून कारण शोधून आणतो,
पाहुण्याला खुर्ची आणावी तसं.
तो दिवस विचारा. वार कोणता, हातात काय होतं,
पैसे कुठल्या गाठीतून सुटले.

म्हणून मी दर्यापूरच्या पुढे, पूर्णेकाठच्या खाऱ्या पट्ट्यात,
जिथं विहिरीचं पाणी चहातलं दूध फाडतं,
पंचफुलाबाई वानखडेंच्या ओट्यावर बसून
कपड्याच्या वडीबद्दल विचारते आहे.
बावीस वर्षं हिरवी. पोळ्यापासून पिवळी.
हिरवीवाल्यांनी मला पाठवलंय.

“सस्ती पडते ना माय.”
पिवळी दोन रुपयांनी महाग आहे.
“मंग फेस येते.”
शेजारच्या बादलीत फेस नव्हता.
या पाण्यात तो कुठल्याच वडीला येत नाही,
वर नुसता पांढुरका साका धरतो.
मी काही बोलले नाही. हेही ट्रेनिंगमध्ये होतं:
गप्प बसायचं, मनात सातपर्यंत मोजत.

पाचव्या आकड्याला त्यांनी तुरीचं सूप खाली ठेवलं.

“पोरगी आलती पोळ्याले, शिलू. अमरावतीले नर्सिंगले हाये.
तिनं आपला पांढरा डरेस येगळा धुतला.
म्हटलं आण, मी टाकतो धुऊन. नाई म्हणे.
तठीच्या पोरी म्हणतात, तुह्या कपड्याले वास येते.
कायचा वास वं? म्हटलं.
काही नाई आई, म्हणे. गावाचा.

दोन रोज धोंड्यावर दोन वड्या होत्या.
एका घरात दोन.
मंग थे गेली.
पिवळीची चिपटी राह्यली, नखाएवढी.
फेकवली नाई मले.
तिच्या बापाचं धोतर धुतलं, माह्यं लुगडं धुतलं,
चार रोज पुरली.
संपली तवा सोमवारी दुकानात गेलो
अन् म्हटलं, पिवळी दे.”

रागानं घेतली, का लाडानं?
असा प्रश्न फॉर्मवर नाही.
“थे मले काय माहीत,” त्या म्हणाल्या.
“पाचशेची नोट मोडाची होती, थेबी होतं.”

फॉर्मवर चौकोन आहेत. किंमत, फेस, जाहिरात, दुकानदाराचा सल्ला.
सगळ्यात खाली ‘इतर’, आणि त्यापुढे एक रेघ,
जेमतेम आडनाव मावेल एवढी.

दुकानात ज्ञानदेव तायडेंनी वहीच उघडली.
“कायची आवड अन् कायचं काय, मॅडम.
नाल्यावरचा पूल खचला होता पोळ्यात.
हिरवीचा माणूस तीन हप्ते फिरकला नाई.
पिवळीचं एक खोकं पडून होतं मायाजवळ.
जे होतं थे देल्लं.”

तारखा खऱ्या होत्या. मी दोनदा ताडून पाहिल्या.
म्हणजे शिलू आली नसती, बोलली नसती,
तरी त्या सोमवारी पंचफुलाबाईंच्या पिशवीत
पिवळीच पडली असती.

मी ‘इतर’वर काट मारणार होते.
मग पुढची पानं उलटली.
पूल झाला. हिरवी आली.
त्यांच्या आळीतल्या सगळ्या उधाऱ्या हिरवीवर परतल्या.
एक नाव परतलं नाही.

सहीसाठी पुन्हा ओट्यावर आले.
सही झाली. पेन परत देता देता
त्यांनी माझ्या ओढणीचं टोक धरलं, नाकाजवळ नेलं.
“तू कोणती लावतं?”
मशीन आहे, म्हटलं. पातळ मिळतं, बाटलीत.
“अन् मायच्या घरी?”
हिरवी.
“मंग तू काहून बदलली?”

रेकॉर्डर चालू होता.
पुढचे अकरा सेकंद त्यात एक बकरी आहे,
आणि लांब कुठे तरी
धोंड्यावर कपडा आपटल्याचा आवाज.